काशिरामचं तिसरं पडणं

काशिराम आणि सुमतीचं पहिलं भांडण मी भिंतीला कान न लावता ऐकलं. कान लावायची गरजच नव्हती. आमच्या दोन घरांमध्ये भिंत एकच, तीही अर्ध्या विटेची, आणि सुमतीचा आवाज असा की खाडीच्या पल्याड बसलेला बगळा उठून जाईल. त्यांच्या लग्नाला वीस दिवस झाले होते. मी ओट्यावर बोंबील साफ करत बसले होते.

"कोल्याच्या घरात देतंव सांगून मना आनली," सुमती म्हणत होती, "आन् नवऱ्याला पानी लागतं? होरीत बसला का ओकतो?"

"लागतं त लागतं," काशिराम म्हणाला. "मी काय मुद्दाम ओकतंय?"

"मग खायाचं काय आपन?"

"सायकल हाय ना."

"सायकल खायाची?"

"आगो, सायकलवर मासली बांधायची आन् नेऱ्याला न्यायची. तिकडं डोंगराखाली समुद्र नाय, पन लोकांना दात हायेत."

यावर सुमती जरा गप्प झाली. मला वाटलं मिटलं. पण ती नुसता दम घेत होती.

"आन् पडलाव तर?"

"मानूस पडतो एकाद वेलेस."

"एक वेल ठीक. दोन वेलाबी ठीक. तिसऱ्यांदा पडलाव का मी सायकल भंगारवाल्याला देनार. आन् मग गुमान माझ्या बाजूला बाजारात बसायचं, माश्या हाकलत. घ्या एकवीरा आईची शपथ."

मग काशिराम बारक्या आवाजात म्हणाला, "घेतली."

मी हातातला बोंबील तसाच धरून बसलेली. नवराबायकोचं भांडण ते, संध्याकाळपर्यंत विरेल असं मला वाटलेलं. ते बेचाळीस वर्षं टिकलं.

काशिरामचा बाप गेला तेव्हा होडी थोरल्या बाळूला गेली आणि सायकल काशिरामला. बाळू सगळ्या कोळीवाड्यात सांगत फिरला, "आमचा काशा सुक्या जमिनीचा कोली." काशिरामला त्याचं काही वाटलं नाही. पहाटे पनवेलला उरण नाक्याच्या बाजारात मासळी उतरली की सुमती तिथंच पाटी मांडून बसायची आणि हा आपला वाटा खोक्यात बर्फ टाकून कॅरियरला बांधायचा. साडेसहाला घंटी वाजवत माझ्या दारावरून जायचा. सुकापूर मागं टाकून नेऱ्याला, नेऱ्याच्या आसपासच्या चार वाड्या, आणि बाराच्या आत परत. दारात सायकल टेकली की आतून सुमती रोज तेच विचारायची.

"पडलाव का?"

"नाय गो."

मग जेवण. आमच्याकडं घड्याळ नव्हतं तेव्हा या दोन वाक्यांवर मी भात उतरवायचे.

बेचाळीस वर्षांत दोनदा मात्र उत्तर निराळं आलं. पहिल्यांदा पडला तो वाटेत लागलेल्या एका परक्या वरातीत. ढोलवाला पुढं चालता चालता एकाएकी उलटा चालायला लागला, नवऱ्या मुलाकडं तोंड करून. काशिराम ढोलावर. सुमतीनं चुलीच्या वरच्या भिंतीवर कोळशानं एक उभी रेघ मारली. पुढं घराला रंग दिला तेव्हा ती पुसली गेली, तर बाईनं ऑइलपेंट आणून परत काढली.

दुसरी रेघ तीन वर्षांपूर्वीची. आणि तिथूनच ही सायकल मंडळाची भानगड सुरू झाली.

नेऱ्याच्या वाटेवर शाळेजवळ एक वळण आहे. तिथं रस्त्याच्या कडेला गटार, आणि गटारावर कुणीतरी नवी लोखंडी जाळी बसवली. बसवणाऱ्यानं गज आडवे ठेवायचे ते उभे ठेवले, रस्ता जातो तसे. मोटारीला काही होत नाही, रिक्षाला काही होत नाही. सायकलचं चाक मात्र दोन गजांच्या मधल्या फटीत असं बसतं, जशी सुरी म्यानात. मागून ट्रक आला की सायकलवाल्यानं कडेला व्हायचं, आणि कडेला ही जाळी.

काशिराम तिथं पडला. खोका फुटला, मांदेली रस्त्याभर झाली, कुत्र्यांनी सण केला. घरी आला तेव्हा सुमतीनं विचारायच्या आधीच म्हणाला, "मार रेघ."

तिनं मारली. मग हळदीचा लेप केला. लेप लावताना म्हणाली, "आता एकच उरली हां."

हे ऐकून त्याचा चेहरा असा झाला की मला हसू येईना. सायकल गेली तर काशिराम बाजारात बसणार. बाजारात बसलेला काशिराम मला डोळ्यांपुढं आणता येईना. माणूस एका जागी बसला की त्याचे पाय आपोआप हलायचे, हवेतल्या पायडलवर.

त्यानं आधी सरळ मार्गानं जाऊन पाहिलं. रस्तेवाल्यांकडं गेला. ते म्हणाले, जाळी गटाराची आहे. गटारवाल्यांकडं गेला. ते म्हणाले, जाळी रस्त्यात आहे. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं की ती जाळी कागदावर अजून बसलेलीच नाही, तेव्हा ती फिरवणार कशी? काशिराम घरी येऊन म्हणाला, "नाय बसलेल्या जालीवर मी असलेली मांदेली घालवली."

मग त्यानं आपल्या परीनं तोड काढली. बाळूच्या होडीवरून धक्क्यावर उतरायची एक जुनी फळी होती, रुंद, तेलपाणी पिऊन काळी झालेली. ती मागून आणली. सायकलच्या दांडीला दोरीनं बांधायची, वळणाला उतरून जाळीवर आडवी टाकायची, आणि पुढं जायचं. होडीवाला धक्क्याला टाकतो तशी. शाळेची पोरं सातला सायकलवरून त्याच फळीवरून जायची. येताना अकराला फळी उचलायची, धुवायची, घरी आणायची. त्याआधी एक साधी फळी रात्रभर तिथंच ठेवून पाहिली होती, ती कुणाच्या तरी चुलीत गेली. ही दुसरी.

"पन शाला बाराला सुटतंय," तो मला म्हणायचा. "फली अकराला उठते. जाताना पोरं फलीवर, येताना देवावर."

आता कादंबरीताई. ही नवीन पनवेलला राहते, बँकेत मोठ्या जागेवर आहे, आणि रविवारी तिचा तीस-चाळीस जणांचा सायकलींचा जथा नेऱ्याकडं निघतो. अंगाला घट्ट बसणारे रंगीत कपडे, डोक्यावर टोप्या, पाण्यातल्या रंगीत माशांसारखे दिसतात. एका रविवारी चढावर या सगळ्यांना मागं टाकून कुणीतरी पुढं गेलं. पाहतात तर लुंगी, कॅरियरला पंचवीस किलो मासळी आणि मागं बर्फाच्या पाण्याची धार. त्या दिवसापासून कादंबरीताई त्याची गिऱ्हाईक झाली, आणि सहा महिन्यांत त्याला तिनं सभासद करून घेतला.

कशाचा? तर अखिल हिंद सायकल मंडळाचा. सगळ्या देशातल्या सायकलवाल्यांचं ते मंडळ, कचेरी दिल्लीला. वर्गणी भरली की माहितीपुस्तक मिळतं. ते पुस्तक कादंबरीताईनं माझ्या ओट्यावर बसून आम्हाला वाचून दाखवलं. सभासदाला बारा फायदे. कुठल्या तरी थंड हवेच्या गावात हॉटेलात सवलत. तीन महिन्यांनी एक अंक. अंगरखा. अपघात झाला तर विमा, पण तो मंडळानं भरवलेल्या शर्यतीत पडलात तरच.

"म्हंजे यांनी पाडलं तरच पैशे," सुमती म्हणाली. "आपलं आपन पडलं तर नाय."

"काकी, मी पाच वर्षं सभासद आहे," कादंबरीताई म्हणाली. "पाच वर्षांत मला काय मिळालं माहितीये? किल्ल्या अडकवायची कडी. तीपण तुटकी. आमच्या ग्रुपमधल्या दोघांची नावं शर्यतीच्या यादीत शर्यत झाल्यावर आली. आम्ही सोडणारच होतो. पण काका, हे बघा, सातवा फायदा." आणि तिनं बोट ठेवून वाचलं: सभासदाने कळविल्यास सायकलस्वारांस धोकादायक अशा जागेबाबत मंडळ संबंधित खात्यास पत्र देऊन दुरुस्ती करून घेईल.

काशिरामनं ते वाक्य तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाला, "आता ठीक हाय. मंडल हाय आपल्या बाजूला."

त्याचा या सगळ्यावर विश्वास का, तर त्याला मच्छीमार सोसायटी ठाऊक. आमच्याकडं सोसायटी म्हणजे घरचीच. वर्गणी भरली की माणूस सोसायटीचा आणि सोसायटी माणसाची. बर्फाचं अडलं, डिझेलचं अडलं, जाऊन टेबलावर हात आपटायचा. तुमची होडी नसली तरी दोरीला हात लावलात तर मासळीचा वाटा निघतो. त्याच हिशेबानं काशिरामनं मंडळात पाऊल ठेवलं. वर्गणी भरली, आता आपला वाटा निघणार.

पहिलं आलं ओळखपत्र. फोटो काशिरामचाच, नाव काशिरामचंच. खाली गट लिहिलेला: महिला, सोळा वर्षांखालील.

सुमतीनं पदर तोंडात घातला. "बगा, मी चालीस वर्स कोनाशी संसार केला!" काशिराम शांतपणे म्हणाला, "कारड आलं ना? बाकी ते सुदारतील." त्यानं ते तंबाखूच्या बटव्यात ठेवलं. त्यांनी सुधारलं नाही. दोन महिन्यांनी अंगरखा आला, तोही त्याच गटाच्या मापाचा.

जाळीचं पत्र कादंबरीताईनं लिहून दिलं, काशिरामनं खाली सही केली. एक महिना गेला. दोन गेले. मग काशिराम आणि कादंबरीताई मंडळाला फोन करायला लागले. फोनवर एक बाई बोलायची, आमच्यासाठी तुमचा फोन फार मोलाचा आहे म्हणून. यंत्रातली बाई ती, पण काशिराम तिला मध्येमध्ये "हो बाय", "बरं बाय" म्हणायचा, न म्हटलं तर बरं दिसत नाही म्हणून. मग गाणं लागायचं. मग फोन तुटायचा.

चौथ्या महिन्यात त्यानं विचार केला. मला येऊन सांगितलं, "बाय, चूक आपली हाय. आपुन नुसता कागद धाडला. तोंडओलख नाय."

आमच्याकडं सोसायटीच्या सेक्रेटरीकडं पहिल्यांदा जायचं तर रिकाम्या हातानं कुणी जात नाही. लाच नव्हे हो. ओळख. दोन पापलेटं न्यायची, आत बाईच्या हातात द्यायची, मग बाहेर बसून कामाचं बोलायचं. पापलेट दिल्लीला टिकणार नाही एवढी अक्कल काशिरामला होती. म्हणून त्यानं चांगले कडक वाळलेले बोंबील घेतले, दीड किलो, तीन पिशव्यांत बांधले, वरून गोणपाट शिवलं, आणि सरळ मंडळाच्या कचेरीला पार्सल केलं. आत चिठ्ठी: जाळी फिरवावी ही विनंती. भाजून खावे.

कादंबरीताईला हे नंतर कळलं. तिनं कपाळावर हात मारला तो बराच वेळ काढला नाही. "काका! ऑफिस आहे ते! एसी असतो तिथं! खिडक्या बंद असतात!"

"मंग चांगलं ना," काशिराम म्हणाला. "वास राहील. इसरनार नाय."

नाहीच विसरले. जाळीच्या पत्राला चार महिन्यांत उत्तर नव्हतं, बोंबिलांना नवव्या दिवशी आलं. रजिस्टर टपालानं. सभासदांनी नाशवंत आणि उग्र वासाच्या वस्तू कार्यालयात पाठवू नयेत, अन्यथा सभासदत्वाचा फेरविचार करण्यात येईल. खाली सही, गोल शिक्का. काशिरामनं ते पत्र सगळ्या आळीला दाखवलं. "बगा, शिक्का हाय! आता ओलखतात आपल्याला."

आठ महिने झाले. मध्ये पाऊस येऊन गेला, फळी दोनदा जाळीवरून घसरली, काशिराम दोन्ही वेळेला वाचला. सुमती आता बाराच्या आधीच दारात येऊन उभी राहायला लागली होती. विचारताना आवाज चढायचा नाही. बाजारातही तिनं आपल्या बाजूला एक चौरंग आणून ठेवला होता, रिकामा. कुणी बसायला गेलं तर म्हणायची, "नको बसू, ती जागा कोनाची तरी हाय." ते ऐकलं की काशिराम मासळी बांधून लवकर निघायचा.

इकडं कादंबरीताईच्या जथ्यानं एकजुटीनं लिहिलं की पनवेलचे चौतीस सभासद पुढची वर्गणी भरणार नाहीत. या पत्रानं मात्र दिल्ली हलली. मंडळाचे अध्यक्ष स्वतः पनवेलला यायचं ठरलं. सभासदांशी संवाद म्हणून रविवारी सकाळी पनवेल ते नेरे सायकल फेरी, पुढं अध्यक्ष, आणि त्यांच्या मागोमाग मान म्हणून जुनेजाणते सभासद. त्यात काशिरामचं नाव. त्यानं कादंबरीताईला एवढंच म्हटलं, "शालेच्या वलनाला मी त्यांना थांबवीन आन् जाली दाखवीन. डोल्यांनी बगितल्यावर कसा नाय बोलंल मानूस?"

फेरीची सगळी व्यवस्था कुमार नावाच्या गृहस्थाकडं. हा मंडळाचा जिल्ह्यातला माणूस. सायकल मंडळाचा, पण आम्ही त्याला पाहिला तो कायम मोटारीतून. गुडघे दुखतात म्हणे.

रविवारी काशिराम सहाला वळणावर जाऊन फळी टाकून आला. रोजचं काम, अध्यक्ष येवोत की न येवोत. मग मंडळाचा अंगरखा अंगात चढवला. सोळा वर्षांखालच्या मुलीच्या मापाचा तो. सुमतीनं मागून ओढला, मी पुढून. शेवटी गेला अंगात, पण काशिरामला हात खाली करता येईनात. हँडल धरलं तेव्हा कुठं बरा दिसला.

सुमती आणि मी रिक्षानं पुढं जाऊन शाळेच्या वळणाला उभ्या राहिलो, फेरी बघायला. पाहतो तर रस्ता झाडलेला, चुन्याच्या रेघा मारलेल्या. जाळीपाशी रांगोळी काढलेली, स्वागताची. म्हणजे अर्धी रांगोळी रस्त्यावर, आणि जाळीवरची अर्धी खाली गटारात. सुमतीच्याच आधी लक्षात आलं.

"सोनाबाय, फली कुठं?"

कुमार तिथंच गाडीला टेकून उभा होता. त्याला विचारलं.

"ती? ती घाण होती हो, माशाचा वास मारत होती. टाकली तिकडं शेतात. अध्यक्ष येतायत, फोटो काढायचेत…"

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत वळणावर पहिली सायकल दिसली. अध्यक्ष. बोटाएवढ्या बारीक टायरची सायकल, वाऱ्यासारखी. त्यांच्या मागं दहा हातांवर काशिराम, अंगरख्यात आवळलेला. त्या माणसाला फळीची खात्री. बिनघोर येत होता.

सुमती धावली. गुडघे धरून जिना चढणारी बाई ती, दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध धावली. "थांबा! फली नाय! फली नाय!"

अध्यक्षांनी पाहिलं, गावातली बाई हात उंच करून स्वागताला धावत येतेय. ते हसले. त्यांनी एक हात हँडलवरून काढून तिला हलवला, आणि तिला वाट द्यायला सायकल कडेला घेतली.

पुढचं चाक जाळीत गेलं. सायकल जागच्या जागी उभी राहिली आणि अध्यक्ष तसेच पुढं गेले. देव दयाळू, म्हणून गटाराच्या पल्याड शेणखताचा ढीग होता. मऊ, ताजा.

काशिरामपुढं एकतर अध्यक्षांची सायकल, नाहीतर सुमती. त्यानं हँडल डावीकडं वळवलं आणि सायकल, अंगरखा, काशिराम सगळं मिळून जाळीच्या अलीकडच्या चरात. पाय वर, डोकं खाली. अंगरखा मागून फाटल्याचा आवाज मी ऐकला.

मागच्या तीस सायकली एकावर एक थांबल्या. सुमती चराच्या काठावर जाऊन उभी राहिली. काशिराम तिच्याकडं बघत पडल्या पडल्या म्हणाला, "सुमते, मोज."

"काय मोजू?"

"तिसरी."

"कोन पडलं?"

"मी पडलो ना गो!"

"मी त नाय बगितलं," सुमती म्हणाली. "तुमी उतरलाव. घाईत उतरलाव."

"आगो, शपथ हाय एकवीरेची. गुडग्याला रगत आलाय बग."

"तो चिखल हाय."

"लाल?"

"लाल चिखल हाय." मग ती माझ्याकडं वळली. तिचा आवाज रोजचा नव्हता. "सोनाबाय, तू सांग. हे पडले का?"

इतक्या वर्षांत मी त्यांच्या भांडणात कधी तोंड घातलं नव्हतं. नुसतं ऐकत आले.

"उतरले," मी म्हटलं.

काशिराम आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिला. मग हळूच उठला आणि पहिलं सायकलचं चाक फिरवून पाहिलं. फिरत होतं.

एवढ्यात अध्यक्षही ढिगातून बाहेर आले. लागलं काही नव्हतं, पण अंगाचा वास असा की कुमार तीन पावलं मागं सरला. "ही जाळी कुणाची?" ते ओरडले.

"रस्त्याची… म्हणजे गटाराची, साहेब."

कादंबरीताई सायकल टाकून पुढं आली. "सर, या जाळीचं पत्र आठ महिन्यांपूर्वी तुमच्या कार्यालयाला दिलंय. सातवा फायदा."

"मला कुठलंही पत्र दाखवलेलं नाही."

"साहेब," कुमार खालच्या आवाजात म्हणाला, "ते बोंबीलवाले सभासद."

अध्यक्ष काशिरामकडं वळले. चिखलानं भरलेला, फाटका अंगरखा, हातात सायकल. "ते तुम्ही?"

"हो," काशिराम म्हणाला. "लागले का चांगले?"

अध्यक्षांनी इकडंतिकडं पाहिलं. चाळीस माणसं ऐकत होती. डोक्यावरचं शेण पुसत ते म्हणाले, "चांगले होते."

मंगळवारी जाळी फिरवली. रस्तेवाल्यांनी का गटारवाल्यांनी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. बुधवारी काशिरामनं शेतातून फळी शोधून आणली. तीन महिन्यांनी मंडळाच्या अंकात फोटो आला, अध्यक्ष जाळीकडं बोट दाखवताहेत. खाली लिहिलेलं, अध्यक्षांच्या पुढाकारानं पनवेलच्या सायकलस्वारांचा प्रश्न मार्गी. काशिरामचं नाव नव्हतं, पण कोपऱ्यात त्याची कोपरापर्यंतची बाही आली होती. ती त्यानं सगळ्यांना दाखवली. "ही माजी."

आणि त्याच्याही नंतर, जाळी फिरून पाच महिने झाल्यावर मंडळाचं पत्र आलं. जाळीबाबतची आपली तक्रार मिळाली आहे, तथापि आपल्या सभासदत्वाची मुदत संपल्याने तिचा विचार करता येत नाही.

कादंबरीताई संतापून लाल झाली. "काका, आता भरू नका वर्गणी. बास झालं."

"भरनार," काशिराम म्हणाला.

"कशाला पण? काय दिलं त्यांनी?"

"आता कुठं ओलख झाली. सोडून कसं जायचं? आपल्याच मंडलाशी नाय भांडायचं त कोनाशी? आन् कारडावर मी अजून मुलगीच हाय. ते सुदारून घ्यायचं हाय ना."

त्यानं भरली. कादंबरीताईनंही भरली, कपाळाला हात लावून. तेव्हापासून त्यांच्या जथ्यातले सगळे मंडळाला पत्र लिहितात तेव्हा शेवटी एक ओळ घालतात, उत्तर न आल्यास बोंबील पाठवू. उत्तरं लवकर येतात म्हणे.

सुमतीनं बाजारातला तो चौरंग घरी आणला. भिंतीवर दोनच रेघा राहिल्या. आणि गज आडवे झाले तरी काशिरामची फळी काही सुटली नाही. रोज बांधायचा, रोज वळणाला टाकायचा. "आरे, आता कशाला?" मी विचारलं. "जाली फिरवनारे हात तेच हायेत बाय," तो म्हणाला. "परत फिरवतील."

यंदा होळीनंतरच्या गुरुवारी काशिराम गेला. सकाळी उठलाच नाही, झोपेतच गेला. ओळखपत्र बटव्यात होतं. शेवटपर्यंत सोळा वर्षांखालचंच.

आदल्या दिवशी, बुधवारी, तो साडेसहाला घंटी वाजवत माझ्या दारावरून गेला. मला मांदेली दिली, वाटा नेहमीपेक्षा कमी होता म्हणून मी दोन शब्द बोलले, त्यानं दोन मांदेली वर टाकली. वळणाला उतरून फळी टाकली. नेऱ्यात जुन्या गिऱ्हाईकाच्या, दयाराम गुरुजींच्या ओट्यावर सायकल टेकली. गुरुजींना आता दात राहिले नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी ताजे बोंबील, काटा काढून, केळीच्या पानात बांधून. गुरुजी म्हणाले चहा घे, तो म्हणाला उशीर होतोय. येताना फळी उचलली, नळावर धुतली, दांडीला बांधली. बाराला पाच कमी असताना दारात सायकल टेकली.

"पडलाव का?" सुमतीनं आतून विचारलं.

"नाय गो. उतरलो."

आणि त्यानं फळी सोडवून भिंतीला उन्हात लावली.